तीन मिनिटं वीस सेकंदांत संपणारं खोकं

"आज मार्कर बघायला चाललेय, यायला दोन वाजतील," असं मार्चमधल्या एका शनिवारी मी आईला सांगितलं. आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आली होती. ओट्यापाशी उभी होती, तिथूनच म्हणाली, "पुसला न जाणारा बघ हं. मला डब्यांवर नावं घालायचीयत."

मी "बरं" म्हणून निघाले. मार्कर म्हणजे पेंटबॉल या एकमेकांना रंगाच्या गोळीने बाद करायच्या खेळातलं, बंदुकीसारखं दिसणारं, हवेच्या जोरावर ती गोळी फेकणारं यंत्र, आणि ते चव्वेचाळीस वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या, गुडघे अधूनमधून बोलू लागलेल्या आपल्या मुलीला स्वतःसाठी हवंय, हे तिला सांगायला मला आणखी दोन आठवडे लागले.

सुरुवात लेकीच्या सोळाव्या वाढदिवसापासून झाली. दहा मुलांचं पेंटबॉलचं आगाऊ बुकिंग केलं होतं, त्यातलं एक ऐनवेळी तापाने आडवं झालं. पैसे परत मिळणार नव्हते. "आई, तू ये ना, नाहीतर टीम लंगडी पडेल," असं लेक म्हणाली आणि मी कार्डिगन काढून भाड्याचा मास्क चढवला. पहिल्या खेळात मी चाळीस सेकंदांत बाद झाले. मांडीवर आवळ्याएवढा काळानिळा डाग उमटला, तो पुढचे नऊ दिवस होता. दुसऱ्या खेळात मास्कची काच धुक्याने भरली आणि मी आमच्याच टीममधल्या एका मुलाला गोळी घातली. तिसऱ्या खेळात मात्र केबलच्या मोठ्या लाकडी रिळामागे पाच मिनिटं श्वास रोखून बसले, सहा फुटी एक पोरगा माझ्याकडे न बघता समोरून पळाला, आणि त्याच्या बरगडीवर केशरी फूल उमटलं. त्याने हात वर केला. मी ओरडले ते सांगलीतल्या भाषेत.

लेकीला जेवणाच्या सुट्टीपर्यंत कंटाळा आला होता. मला आला नाही. त्या पानगळीत मी एकटी आणखी चार वेळा जाऊन आले.

मी सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते, त्यामुळे घरात कुठल्याही गोष्टीची एक्सेल शीट असते. पाच दिवसांच्या पावत्या मांडल्या. मनात होतं की भाड्यापायी फार पैसे जातायत, स्वतःचं यंत्र घेतलं की वाचतील. आकडे निराळंच सांगत होते. मार्कर, मास्क आणि हवा मिळून जेवढं भाडं होत होतं, त्याच्या जवळपास दुप्पट पैसे गोळ्यांवर जात होते. आमच्या मैदानावर बाहेरून आणलेल्या गोळ्या चालत नाहीत, बहुतेक मैदानांवर हीच रीत. दोन हजार गोळ्यांचं खोकं, त्यात पाचशे-पाचशेच्या चार पिशव्या, आणि तेही मैदानाच्या भावाने. आईला हे पुढे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." कोंबडीला आयुष्यात हात न लावलेल्या बाईने इतकं अचूक निदान केलं, आणि मी मात्र ते आकडे समोर दिसत असूनही सहा आठवडे मार्करच्याच मागे धावत होते.

कारण व्हिडिओ. रात्री जेवणं झाली की मी इअरफोन लावून इलेक्ट्रॉनिक मार्करचे व्हिडिओ बघायची. ट्रिगरमागे बारीकसा स्विच, आत सर्किट बोर्ड, बोटाने नुसतं चाळवलं की सेकंदाला दहा गोळ्या. शिलाई मशीनसारखा आवाज. मला तो हवा होता. मग एका रात्री साधा भागाकार केला. सेकंदाला दहा, म्हणजे दोन हजारांचं खोकं दोनशे सेकंदांत संपणार. तीन मिनिटं वीस सेकंद. आमच्याकडे पोहे शिजायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. अर्थात कुणी ट्रिगर धरून बसत नाही; पण जे यंत्र दहा टाकू शकतं ते हातात असताना माणूस एक टाकून थांबत नाही, हे मला स्वतःबद्दल ठाऊक आहे. वेफर्सच्या पिशवीबाबतही माझं असंच होतं.

त्या मैदानावर साठीच्या पुढचे, पांढऱ्या दाढीचे एक रेफरी आहेत. ते स्वतः पंपवर खेळतात, म्हणजे दर गोळीला पुढचा दांडा मागे-पुढे ओढायचा, मग एक गोळी. मी त्यांना विचारलं, "दोनशे-अडीचशे डॉलरमध्ये कोणता मार्कर घेऊ?" त्यांनी माझ्या मास्ककडे बघून विचारलं, "आत्ता तुला किती दिसतंय?" मी म्हटलं, अर्धं. ते म्हणाले, "मग आधी मास्क. मग हवेची टाकी. त्यातून काही उरलं तर माझ्याकडे ये."

यंत्राला बंदूक न म्हणता 'मार्कर' म्हणायचं, हेही त्यांनीच शिकवलं. मला वाटलं, सभ्य दिसावं म्हणून काढलेला शब्द असेल. तसा सोयीचा तो आहेच, पण त्याला मूळही आहे. नेल्सन पेंट नावाची कंपनी जंगलखात्याच्या लोकांना आणि गुरं पाळणाऱ्यांना खुणेचा रंग विकायची. कोणतं झाड तोडायचं, कोणती गाय वेगळी काढायची, त्यावर दुरून डाग टाकायला 'नेलस्पॉट ००७' नावाचं पिस्तूल होतं. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावी बारा जणांनी तीच पिस्तुलं घेऊन जंगलात निशाण पळवण्याचा खेळ मांडला. तो पहिला सामना. जिंकला रिची व्हाइट, पेशाने जंगलातलाच माणूस. आणि जिंकला तो एकही गोळी न झाडता. रेफरीकाकांनी हे मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी नुकतीच एका खेळात दोनशे गोळ्या उडवून बाद झाले होते.

गुरांवर रंग टाकायला पिस्तूल, हे आईला फार चमत्कारिक वाटलं. "बेंदराला आपण हातानेच रंगवतो की शिंगं. बैल काय पळून जातो?"

तर मास्क. भाड्याच्या मास्कला बहुधा एकेरी काच असते, आत श्वास कोंडला की ती धूसर होते. आपण घ्यायचा तो दुहेरी काचेचा, ज्याला थर्मल लेन्स म्हणतात. दोन थरांमध्ये हवेचं अस्तर असल्यामुळे आतली बाजू बाहेरच्या थंडीने गार पडत नाही. चष्मेवाल्यांची आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: मास्क चष्म्यावर घालून, तोंड मिटून, दुकानातच पाच मिनिटं उभं राहायचं. दिसायला सगळ्यात देखणा होता तो माझ्या चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतवत होता. तीन घालून पाहिले आणि व्हर्च्यूचा व्हायो घेतला, कारण त्याच्या आत चष्मा हलला नाही. त्यावर एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, पेंटबॉलसाठीच्या प्रमाणाचा उल्लेख बघितला. वर्कशॉपमधला गॉगल किंवा स्कीइंगचा चष्मा इथे चालत नाही, सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास येणाऱ्या गोळीपुढे तो टिकणार नाही. काच पेपर टॉवेलने पुसायची नाही, अमोनिया असलेला काच-फवारा तर नाहीच. पाणी आणि मऊ फडकं. हे मला पहिली काच ओरखडल्यावर कळलं.

हवेचं प्रकरण लांबलं, आणि तिथेच पदराला खार लागला.

मार्करला दोन प्रकारचा दाब देता येतो. एक कार्बन डायऑक्साइड, टाकीत द्रवरूपात. खोलीच्या तापमानाला त्याचा दाब साधारण साडेआठशे पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला तेवढे पौंड) असतो, पण थंडी पडली की तो उतरतो, आणि भराभर गोळ्या झाडल्या की टाकी स्वतःच गार पडून आणखी उतरतो. न्यू जर्सीच्या नोव्हेंबरात सकाळची गोळी एका वेगाने जाते आणि दुपारची दुसऱ्याच. द्रव चुकून मार्करच्या आत गेला तर रबरी कड्या गारठून कडक होतात. दुसरा प्रकार म्हणजे नुसती दाबलेली हवा. टाकीच्या तोंडाशी रेग्युलेटर असतो, तो आतला दाब कितीही असला तरी बाहेर ठरावीकच सोडतो. नव्या मार्करांपैकी बरेच फक्त हवेवरच चालतात. आमच्या मैदानावर दिवसभर हवा भरून मिळते, म्हणून माझा निर्णय एका मिनिटात झाला. तुमच्या जवळपास नुसताच कार्बन डायऑक्साइड मिळत असेल तर ज्याला दोन्ही चालतात असा मार्कर घ्यावा लागेल. म्हणजे यंत्र निवडायच्या आधी हवा कुठे भरणार ते ठरवायचं. मी हे उलट्या क्रमाने करणारी होते.

टाकीच्या नावात दोन आकडे असतात. ४८/३००० म्हणजे अठ्ठेचाळीस घन इंच आणि तीन हजार पीएसआय. ही ॲल्युमिनियमची, स्वस्त, जड. ६८/४५०० ही कार्बन फायबरची, हलकी आणि महाग. गुणाकार केला तर दुसरीत पहिलीच्या दुपटीहून थोडी जास्त हवा मावते. मला दुसरी हवी होती आणि किंमत पहिलीची द्यायची होती. मराठी माणूस.

एका गृहस्थांनी जुनी ६८/४५०० विकायला काढली होती. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटलो. मी घरून यादी करून नेली होती: आटे झिजलेत का, बाहेरचं फायबर कुठे कापलंय का, दाबाचा काटा चालतोय का. सगळं तपासलं, घासाघीस करून आणखी दहा डॉलर कमी केले, आणि विजयी मुद्रेने घरी आले. पुढच्या शनिवारी हवा भरणाऱ्या मुलाने टाकी फिरवली, लेबल वाचलं आणि माझ्या हातात परत ठेवली. "याची तारीख गेलीय, मॅम."

या टाक्यांची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते, आणि कार्बन फायबरच्या टाकीचं एकूण आयुष्य पंधरा वर्षं धरतात. महिना आणि वर्ष टाकीवरच लिहिलेलं असतं. माझ्या टाकीवर ते अगदी ठळक होतं. माझ्या यादीत तेवढंच नव्हतं. वर्षानुवर्षं मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक्स्पायरी डेट तपासलीय का हे तपासत पगार घेतलाय. घरी आल्यावर नवऱ्याने काही म्हटलं नाही. फ्रिजमधून दूध काढलं, त्यावरची तारीख मोठ्याने वाचली आणि परत ठेवलं.

चाचणी करून घेता आली असती, पण त्यासाठी रेग्युलेटर उतरवायला हवा, टाकी पाठवायला हवी, दोन्हीकडचा खर्च आणि वर चाचणीचे पैसे. आणि टाकीच्या पंधरापैकी अकरा वर्षं तशीही संपलेली. सोडून दिलं. शेवटी नवी ४८/३००० घेतली, ॲल्युमिनियमची. जड आहे, पण आमच्या मैदानावर दिवसभर हवा भरायला पैसे लागत नाहीत, तर दर दोन खेळांनी जाऊन भरून घ्यायची. एवढं मात्र कुणीही नव्याने करणाऱ्याने लक्षात ठेवावं: हवा भरतो त्या निपलवर कधीही तेल टाकायचं नाही. प्रचंड दाबाची हवा आणि तेल एकत्र आलं तर पेट घेऊ शकतं. मी शिवणयंत्राच्या सवयीने तेलाचं डबडं हातात घेतलेलंच होतं.

नवऱ्याची काळजी वेगळी होती, आणि ती रास्त होती. न्यू जर्सीचा कायदा कडक आहे. तीन अष्टमांश इंचापेक्षा बारीक छर्रा उडवणाऱ्या हवाई बंदुकीलाही इथे अग्निशस्त्र धरतात. पेंटबॉलची गोळी ०.६८ इंचाची, म्हणून ती त्यात येत नाही. पण आमच्या कॉलनीत खिडकीतून बघणारे शेजारी छर्रा मोजायला येणार नाहीत. "आपण दिसतो कसे तेही बघ," तो म्हणाला. तेव्हा दोन नियम घरात ठरले. मार्कर कायम बंद बॅगेत, नेता-आणताना गाडीच्या डिकीत. घराच्या दारापासून मैदानाच्या फाटकापर्यंत बॅग उघडायची नाही. आणि लष्करी दिसणारं, काळं, रायफलीच्या आकाराचं काही घ्यायचं नाही. यामुळे निम्मी दुकानं आपोआप बाद झाली, तेवढंच काम सोपं.

आणि मग तो मार्चचा शनिवार. दुकान तासाभराच्या अंतरावर होतं. काउंटरमागचा मुलगा पंचविशीतला, कोपरापर्यंत गोंदण, आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न मला आवडला: "वर्षातून किती दिवस खेळता?" दहा-बारा, मी म्हटलं. त्याने इलेक्ट्रॉनिकच्या कपाटाकडे पाठ केली.

आधी त्याने टिपमनचा ९८ कस्टम हातात दिला. भाड्याच्या यंत्रांमुळे ओळखीचा वाटला. आतली रचना बैलगाडीसारखी सरळ: स्प्रिंगवरचा हातोडा व्हॉल्व्हवर आदळतो, हवा सुटते, त्यातली थोडी गोळीला ढकलते आणि थोडी हातोड्याला परत मागे फेकते. चिखलात पडला, पावसात भिजला, तरी चालतो अशी त्याची ख्याती आहे. कार्बन डायऑक्साइडही चालतो. लेकीला रोज खेळायला द्यायचा असता तर मी हाच घेतला असता. पण टाकी लावून खांद्याला टेकवला आणि माझ्या मनगटाने दहाव्या सेकंदाला तक्रार केली. शिवाय दर गोळीला आत हातोडा धावतो तो हाताला जाणवतो.

मग आला प्लॅनेट एक्लिप्सचा एमेक. हाही पूर्ण यांत्रिक, बॅटरी नाही, बोर्ड नाही. पण आत हातोडा नाही. बोल्ट, म्हणजे गोळीला ढकलणारा आतला भाग, हाच व्हॉल्व्ह, हवा त्याला पुढे सरकवते. मार्करचा स्वतःचा रेग्युलेटर दाब आधी दीडशे पीएसआयच्याही खाली आणतो, त्यामुळे बोल्ट गोळीला थोपटल्यासारखा ढकलतो. दुकानामागे जाळी लावलेली लांब बोळ होती, तिथे त्याने वीस गोळ्या झाडू दिल्या. पहिल्या तीन झाडल्यावर मी थांबून विचारलं, "सुटली का?" इतका धक्का कमी.

पण मला पटलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मी म्हटलं, उघडून दाखव. त्याने मागचं बटण दाबून बोल्ट एका हाताने बाहेर ओढला, अवजार न घेता. मग मी म्हटलं, आता मला करू दे. काउंटरवर टिश्यू पसरून मी बोल्ट काढला, त्यावरच्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, मोजल्या, बोटाने वंगण फिरवलं, परत बसवला. दुसऱ्यांदा काढला. मागे रांगेत दोघे उभे होते, त्यांनी उसासे टाकले, टाकू देत. मिक्सर घेताना आपण भांडं काढून-लावून बघतोच ना? जे यंत्र मला स्वतःला साफ करता येणार नाही, ते पावसाळी रविवारी संध्याकाळी कोण साफ करणार आहे? या प्रकारच्या बोल्टला वंगण ठरावीकच लागतं, पांढरं, दाट; घरातलं दाराच्या कुरकुरीवरचं फवाऱ्याचं तेल मारलं तर रबर फुगतं, हे त्याने बजावून सांगितलं आणि वंगणाची छोटी डबी वेगळे पैसे घेऊन दिली.

हाताची मापं हाही एक मुद्दा आहे आणि तो बायकांनाच कळतो. मूठ धरली की तर्जनी ट्रिगरच्या मधोमध पोचायला हवी; चार मार्करांत माझं बोट टोकालाच टेकत होतं. ते लांबलेलं बोट दुपारपर्यंत दुखतं.

पंप घ्यायचा मोहही झाला होता. रेफरीकाकांनी त्यांचा फँटम एकदा खेळायला दिला होता. काडीसारखा बारीक, हलका. त्या अख्ख्या खेळात मी एकोणीस गोळ्या झाडल्या आणि दोघांना बाद केलं. खर्च मोजला तर एका खेळाला डॉलरसुद्धा नाही. तरी घेतला नाही, कारण समोरून तिघांनी एकदम मारा सुरू केला की मला अजून घाबरायला होतं, आणि घाबरलेल्या माणसाला दांडा ओढायचं सुचत नाही. मधला मार्ग म्हणून यांत्रिक बरा: बोट जितक्या वेळा ओढेल तितक्याच गोळ्या. माझं बोट फार वेगाने ओढत नाही.

काळ्याऐवजी निळा घेतला, अडीचशे डॉलरच्या आत. सोबत एक्लिप्सचाच पॅल नावाचा लोडर, म्हणजे वरचा गोळ्यांचा डबा. साध्या डब्यातून गोळ्या आपल्या वजनाने पडतात आणि मध्येच अडकतात, मग यंत्र हलवत बसायचं. पॅल मार्करमधल्याच हवेच्या झुळकीने आतल्या गोळ्या हलवत ठेवतो, बॅटरी लागत नाही. घड्याळाचे, रिमोटचे, धुराच्या अलार्मचे सेल बदलायला विसरणाऱ्या घरात ही फार मोठी सोय. आणि बॅरलवर, म्हणजे पुढच्या नळीवर, चढवायची कापडी पिशवी. मैदानावरून बाहेर पडताना ती नसेल तर कुणी जवळ उभंही करत नाही.

घरी आले तेव्हा तीन वाजले होते. आईने विचारलं, "मिळाला?" मी बॅग कपाटात ठेवली आणि येताना वाटेत घेतलेला काळा, पुसला न जाणारा मार्कर तिच्या हातात दिला. खोटं बोलले नाही.

पहिला दिवस एप्रिलमधला, सकाळी थंडी. मैदानात शिरण्याआधी वेगमापकासमोर प्रत्येकाने गोळ्या झाडून दाखवायच्या. आमच्याकडे मर्यादा सेकंदाला २८० फूट. माझी पहिली २९१, दुसरी २९४. रेफरीकाकांनी भुवई उचलली. षटकोनी किल्लीने रेग्युलेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला, दोन गोळ्या वाया घालवल्या, मग २७६, २७९, २७४. या तीन आकड्यांतलं अंतर बघून काका "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे शाबासकी असते.

खेळ सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला बॅरलमधून रंगाचा फवारा उडाला, गोळी आतच फुटली. पोटात धस्स झालं. आडोशाला बसून बॅरल काढली, त्यातून फडक्याची दोरी ओढली, पुन्हा लावली. दोन गोळ्यांनंतर परत तेच. मला वाटलं, झालं, अडीचशे डॉलर गेले. खेळ संपल्यावर काकांनी माझ्या पिशवीतली एक गोळी घेतली, बॅरलच्या मागच्या तोंडात ठेवली आणि फुंकर मारली. गोळी जागची हलली नाही. "गोळी फुगलीय," ते म्हणाले. माझी चूक अशी की मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मी पाच महिने गराजमध्ये ठेवल्या होत्या. कवच जिलेटिनचं, दमट हवेत ते फुगतं, थंडीत कडक होऊन तडकतं. नवी पिशवी घेतली, फुंकर मारली की गोळी सुळकन पुढे गेली, आणि संध्याकाळपर्यंत एकही आत फुटली नाही. त्या दिवशी मी एकूण चारशे दहा गोळ्या वापरल्या. शीटमध्ये नोंद आहे. मागच्या वर्षीचा माझा सरासरी आकडा अकराशेच्या पुढे होता. बाद मात्र तितक्याच वेळा झाले.

जिलेटिन हा शब्द मी घरी उच्चारायला नको होता. तोपर्यंत आईला सगळं कळलं होतं, कारण केशरी रंगाने माखलेली पँट धुवायला टाकताना लपवणार कशी. रंग पाण्याने धुतला की जातो, याचं तिला कौतुकच वाटलं, "रंगपंचमीचा तर कानामागे आठवडाभर राहायचा." मग तिने गोळी हातात घेऊन दाबून बघितली. "हे वरचं कसलं आहे?" लेक शेजारीच बसली होती, तिने फोनवरून डोकं न काढता सांगितलं, "जिलेटिन. म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीचं असतं, आजी."

त्या दिवसापासून माझे खेळाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजतात, आणि मी आल्यावर गराजमधूनच बाथरूममध्ये जायचं, स्वयंपाकघर ओलांडायचं नाही. आई रोज रात्री ई जीवनसत्त्वाची ती हिरवी, मऊ गोळी घेते. तिचं कवचही जिलेटिनचंच. हे मी तिला सांगितलेलं नाही आणि लेकीलाही डोळ्यांनी दटावलंय.

मे महिन्यात तिचं परतीचं तिकीट होतं. आदल्या रविवारी मी गराजमध्ये जुन्या पेपरवर बोल्ट उघडून बसले होते. ती दारात उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहून बघत होती. बारीक ओ-रिंगांची पिशवी माझ्या हातून सुटली आणि कड्या फरशीवर चहूकडे घरंगळल्या. मी गुडघ्यावर बसून वेचत होते, तर ती आत जाऊन तिचा जुना मिसळणाचा डबा घेऊन आली, सात वाट्यांचा, झाकणाची कडी तुटलेली. "घे. मोहरी-जिऱ्यासारख्या वेगळ्या ठेव. मोठ्या मधे, बारक्या कडेला."

नंतर झाकण लावताना बघितलं. डबा आणण्याआधीच तिने त्यावर काळ्या, पुसल्या न जाणाऱ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'रबराच्या कड्या. खायचं नाही.'